गाठ मारलेल्या तारेतून निघालेला सूर

दोन-तीन डॉलर रोख आणि वर एक जिवंत कोंबडी. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या एका शेतमजुराने शेजाऱ्याची वापरून खिळखिळी झालेली गिटार एवढ्या भावात घेतली. गिटारवर जीन ऑट्रीचं नाव होतं. ऑट्री म्हणजे घोड्यावर बसून गाणारा, त्या काळचा लाडका सिनेनट. त्याच्या नावाच्या स्वस्त गिटारी सीअर्स कंपनीच्या टपाली कॅटलॉगमधून खेड्यापाड्यांत पोचत. त्याआधी याच बापाने पोराच्या हट्टापायी सिगारच्या खोक्याला झाडूचा दांडा जोडून एक गिटार घरीच बनवली होती. पोराचं नाव कार्ल पर्किन्स, पुढे रॉकॅबिलीच्या पहिल्या गायक-वादकांतला एक.

रॉकॅबिली म्हटलं की बहुतेकांना एल्विस प्रेस्ली आठवतो, आणि त्यात चूक काही नाही. गोऱ्या खेडुतांचं कंट्री संगीत आणि कृष्णवर्णीयांचा ब्लूज एकत्र आले आणि 1954च्या सुमारास मेम्फिस शहरात रॉकॅबिली जन्मली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण 'एकत्र आले' म्हणजे नेमकं काय झालं? कुणाच्या हातात, कुठल्या वाद्यावर, आणि का? दोन संगीतं आपण होऊन चालत येऊन एकमेकांना मिठी मारत नाहीत. कार्लची पहिली वीस-बावीस वर्षं बघितली तर ही घडामोड जवळजवळ डोळ्यांदेखत होताना दिसते, आणि तिच्यामागे कलात्मक विचारापेक्षा अडचणच जास्त दिसते. मला सगळ्यात मोठं नवल वाटतं ते याचंच.

कार्लचा जन्म 9 एप्रिल 1932चा, टेनेसीच्या अगदी वायव्य कोपऱ्यातल्या लेक काउंटीतल्या टिपटनव्हिलचा. जागाही विलक्षण आहे. इथलं रीलफूट तळं 1811-12च्या हिवाळ्यातल्या प्रचंड भूकंपांनी जमीन खचून तयार झालं. त्या धक्क्यांत मिसिसिपी नदी काही काळ उलटी वाहिली असं पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. नदीने शतकानुशतकं आणून टाकलेल्या गाळाची ही जमीन, त्यामुळे कापूस जोरात. जमीन मात्र कसणाऱ्याची नव्हती. बक आणि लुईस पर्किन्स हे नवरा-बायको दुसऱ्याच्या शेतात अर्धलीने राबत. या पद्धतीत जमीन, बी आणि अवजारं मालकाची, कष्ट कुळाचे, पिकात वाटा, आणि वर्षभराची उधारी त्या वाट्यातून वळती. हिशेबाची वही मालकाकडे असल्यामुळे वर्षअखेरीस हाती काय उरणार हेही त्याच्याच मनावर.

कार्ल सहाव्या वर्षापासून कापूस वेचायला जाऊ लागला. शाळेच्या दिवसांत शाळा सुटल्यावर काही तास आणि उन्हाळ्यात बारा ते चौदा तास. तो आणि थोरला भाऊ जे, दोघांची मिळून दिवसाची कमाई पन्नास सेंट. घरातल्या सगळ्यांनी काम केलं आणि उधारी झाली नाही, तर घेवडा-बटाटे, बापाची तंबाखू आणि क्वचित पाच सेंटची गोळ्यांची पुडी एवढं निघे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांत कशी रुततात हे सांगायची गरज नाही. तीच बोटं संध्याकाळी गिटारच्या तारांवर जात.

शेतात त्याच्या आजूबाजूला वेचणारे बरेच जण कृष्णवर्णीय होते. दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा गोऱ्यांची शाळा वेगळी, चर्च वेगळं, बसायची बाकं वेगळी. पण कापसाच्या ओळीत उभं राहिल्यावर गरीब गोरा आणि कृष्णवर्णीय यांच्यात फार तर दोन सऱ्यांचं अंतर उरे, आणि आवाजाला तेवढंही नाही. एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी झेलायची, अशी भजनं सबंध दिवस त्या शेतावर तरंगत असत. कायद्याने जे वेगळं ठेवलं होतं ते कार्लच्या कानांत लहानपणापासून एकत्रच शिरलं.

दुसरा कान लागलेला असे रेडिओकडे. घरात वीज नव्हती; बापाचा रेडिओ बॅटरीवर चाले. शनिवारी रात्री त्यावर नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा कार्यक्रम लागायचा. हे केंद्र पन्नास हजार वॅटचं होतं आणि रात्री तर त्याची पोच आणखी वाढे. त्याचं कारण आकाशात आहे. दिवसा सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो आणि मध्यम लहरींना गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग या लहरी त्याहून उंचावरच्या थरापर्यंत जातात आणि तिथून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. रात्री लांबलांबची केंद्रं ऐकण्याचा नाद ज्यांना होता, त्यांनी हा चमत्कार अनुभवलेला आहे. दक्षिण अमेरिकेची नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेची एक अख्खी पिढी या रात्रीच्या लहरींवर गाणं शिकली.

ऑप्रीवर रॉय एकफ गायचा. त्याचं गाणं ऐकूनच कार्लने गिटारचा हट्ट धरला. 'वॉबॅश कॅननबॉल' आणि 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' ही एकफची गाणी त्याने कानाने ऐकून, तुकड्या-तुकड्याने बसवली. मेंडोलिनवर अफाट वेगाने बोटं चालवणाऱ्या बिल मन्रोचं त्याला विशेष वेड. हा झाला कंट्रीचा धडा.

ब्लूजचा धडा शेतातच मिळाला. जॉन वेस्टब्रुक नावाचे साठी ओलांडलेले कृष्णवर्णीय शेतमजूर होते. सगळे त्यांना अंकल जॉन म्हणत. दिवसभर वेचणी करून संध्याकाळी ते आपली जुनी गिटार घेऊन बसत आणि ब्लूज, भजनं वाजवत. हा गोरा पोरगा त्यांच्यापाशी जाऊन बसे. त्यांनी त्याला सूरलिपी शिकवली नाही. ती त्यांना तरी कुठे येत होती? गिटारवर अगदी वाकून बस, तारेचं थरथरणं अंगात उतरू दे, असं काहीसं त्यांचं सांगणं असे. म्हातारपणी मुलाखती देतानाही पर्किन्स त्यांचं नाव कृतज्ञतेने घेत असे. रॉकॅबिलीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी स्टुडिओच्या मालकांची नावं ठळक टाइपात छापली आहेत. माझं मत विचाराल तर अंकल जॉनचं नाव त्यांच्या वर छापायला हवं.

आता तारेची गोष्ट. गिटारची तार तुटली की नवी आणायची, हा साधा उपाय. पर्किन्सांच्या घरी नव्या तारेला पैसे नव्हते. मग कार्ल तुटलेली तार गाठ मारून पुन्हा चढवायचा. एका सुरावरून पुढच्या सुरावर जायला गिटारवादक बोट तारेवरून घसरवत नेतो. कार्लचं बोट घसरत गेलं की गाठीवर चिरायचं. एक-दोनदा रक्त निघाल्यावर त्याने घसरणं सोडलं. बोट जागच्या जागी दाबून ठेवायचं आणि तार आडवी ढकलायची. ढकलली की सूर चढतो. पुढचा सूर मिळाला आणि बोटही वाचलं.

ही कहाणी पर्किन्सने स्वतःच सांगितलेली आहे, आणि यशस्वी माणसं बालपणाच्या गोष्टी रंगवून सांगतात हे मलाही ठाऊक आहे. पण ही पटते, कारण यामागचं विज्ञान चोख आहे. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, जाडी आणि ताण. बोट पुढच्या पट्टीवर नेलं की लांबी कमी होते. बोट न हलवता तार आडवी ओढली की ताण वाढतो, आणि कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सूर अर्ध्या स्वराने चढवायचा तर ताण साधारण 12 टक्के वाढवावा लागतो, पूर्ण स्वराने चढवायचा तर 26 टक्के. त्या काळच्या तारा आजच्याहून जाड असत. त्या ओढायला पंजात जोर लागे, आणि तो कापसाने आधीच भरलेला होता.

सतारीवरची मींड ऐकलेल्या मराठी माणसाला हे चटकन कळेल. क्रिया तीच: पडद्यावर बोट ठेवून तार बाजूला खेचायची. बोट हलवण्यापेक्षा यात एक फायदा आहे. पुढच्या पट्टीवर उडी मारली तर एक सूर जातो आणि दुसरा येतो; मधलं काही ऐकू येत नाही. तार ओढत नेली तर मधल्या सगळ्या श्रुती ओलांडाव्या लागतात. आणि ब्लूजचा सगळा जीव त्या मधल्या जागेत आहे. ज्याला तिकडे ब्लू नोट म्हणतात तो सूर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कुठेतरी असतो. पियानोवर तो सापडत नाही. म्हणून ब्लूजचे पियानोवादक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम किंवा लागोपाठ दाबून त्याचा भास निर्माण करतात. गिटारच्या पडद्यांतही तो नाही. तो मिळवायचा तर तार वाकवणं हा एक सोपा मार्ग, आणि कार्ल तिथे पोचला बोट कापू नये म्हणून!

तार वाकवण्याचा शोध काही त्याने लावला नाही, हेही लगेच सांगायला हवं. कृष्णवर्णीय वादक ते आधीपासून करत होते, अंकल जॉनही त्याच परंपरेतले. पण एकफ आणि मन्रोची कंट्री गाणी वाजवताना हात सवयीने असा वळू लागला, की गाणं कंट्रीचं आणि त्यातले सूर ब्लूजचे अशी अवस्था होते. मघाशी विचारलेल्या 'नेमकं काय झालं'चं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर दारूच्या गुत्त्यात मिळतं. 1947च्या जानेवारीत कुटुंब आग्नेयेला, जॅक्सन शहराजवळच्या बेमिसला आलं. इथे वीज होती, त्यामुळे मोठा रेडिओ आणि जास्त केंद्रं. कार्लचं वय तेव्हा चौदा. साधारण याच काळात त्याने एक गाणं रचलं: आवडत्या मुलीला जनावराच्या पाठीवर बसवून सिनेमाला नेण्याचं. पुढे ते 'मूव्ही मॅग' या नावाने आलं. सा, म आणि प या तीन स्वरांवर उभारलेले तीन स्वरगट, एवढाच त्याचा सांगाडा. ब्लूज आणि कंट्री या दोघांचंही बरंचसं घर याच तीन खांबांवर उभं असल्याने कार्लला एकातून दुसऱ्यात जायला भिंत फोडावी लागली नाही.

त्याच वयात कार्ल आणि जे जॅक्सनच्या दक्षिणेला पंचेचाळीस नंबरच्या हमरस्त्यावरच्या 'कॉटन बॉल' नावाच्या गुत्त्यात बुधवारी रात्री वाजवू लागले. पगार नाही; लोक देतील ती बक्षिसी आणि फुकट दारू. चौदा वर्षांच्या पोराला दारू! ती सवय त्याला पुढे अनेक वर्षं छळणार होती. मग 'सँड डिच' नावाचा दुसरा गुत्ता मिळाला. दोन्हीकडे मारामाऱ्या होत.

अशा ठिकाणी बिल मन्रोच्या पद्धतीने गाऊन भागत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसांना नाचायचं असतं. त्यांचे पाय थांबले की बक्षिसीही थांबते. मन्रोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे मुळात तीन मात्रांच्या डौलात हळूहळू डोलणारं गाणं. पर्किन्स बंधू ते वेग वाढवून, ब्लूजच्या हेलकाव्यात वाजवू लागले. जेचा ओढा अर्नेस्ट टबच्या धाटणीच्या साध्या कंट्रीकडे, पण तालाची गिटार त्याची पक्की. धाकट्या क्लेटनला त्यांनी मागे लागून उभा बास वाजवायला बसवलं, म्हणजे उभं केलं.

ड्रम नव्हते. कंट्रीच्या मंडळींना ड्रमचं वावडं होतं आणि ऑप्रीच्या मंचावरही ड्रमला बरीच वर्षं मज्जाव होता. मग ठोका कुठून आणायचा? रॉकॅबिलीचं उत्तर बासमध्ये आहे. तार नुसती छेडायची नाही. ती बोटाने बाहेर ओढून सोडायची, म्हणजे ती परत येऊन लाकडी पट्टीवर आपटते, आणि मधल्या रिकाम्या जागेत पंजाने तारांवर थाप मारायची. एकाच वाद्यातून खर्जाचा सूर आणि कोरडा टणत्कार असे दोन्ही निघतात. याला स्लॅप बास म्हणतात. पुढे डब्ल्यू. एस. हॉलंड नावाचा मित्र गुत्त्यात बासच्या अंगावर हाताने ताल धरायचा, त्यालाच या भावांनी ड्रमवर बसवलं. त्याने आयुष्यात ड्रम वाजवले नव्हते. हाच हॉलंड नंतर 1960 पासून जवळजवळ चार दशकं गायक जॉनी कॅशचा ड्रमवादक होता.

गुत्त्यावर पोट भरत नव्हतं. कार्लने डेअरीवर काम केलं, गाद्यांच्या कारखान्यात केलं, जॅक्सनच्या पावाच्या बेकरीत केलं. जॅक्सनच्या डब्ल्यूटीजेएस या रेडिओ केंद्रावर भावंडं गायली. 1953च्या जानेवारीत त्याचं वॅल्डा क्रायडरशी लग्न झालं.

आणि 1954च्या जुलैनंतर एक दिवस रेडिओवर 'ब्लू मून ऑफ केंटकी' लागलं. मन्रोचं नव्हे, जलद, चार मात्रांत, उड्या मारणारं. गाणारा एल्विस प्रेस्ली, मेम्फिसचा एकोणीस वर्षांचा ट्रकचालक. पर्किन्स बंधू ज्या वाटेने काही वर्षं गुत्त्यांतून चालत होते, ती वाट शंभरेक किलोमीटरवर आणखी कुणालातरी सापडली होती. दुसरा एखादा असता तर आपलं हिरावलं म्हणून हळहळला असता. कार्लने उलटा हिशेब केला. हे जो छापतो त्याला आपलंही कळेल.

छापणारा होता सॅम फिलिप्स. मेम्फिसच्या 706 युनियन ॲव्हेन्यूवर त्याने 1950 साली छोटा स्टुडिओ काढला होता, 1952 पासून सन रेकॉर्ड्स ही त्याची कंपनी. 1954च्या शरद ऋतूत पर्किन्स मंडळी न बोलावता तिथे धडकली. आधी नकार मिळाला. मग दारातच फिलिप्स गाठला गेला आणि कार्लच्या चेहऱ्यावरचा भाव बघून त्याला नाही म्हणवलं नाही, असं तो नंतर सांगत असे. त्याला आवडलं ते 'मूव्ही मॅग', चौदाव्या वर्षातलं. 19 मार्च 1955ला ते बाहेर आलं.

सनच्या आवाजाची एक करामत इथे सांगायलाच हवी. त्या रेकॉर्डवर आवाजामागोमाग त्याचीच एक पुसट थाप ऐकू येते. फिलिप्स गाणं एका टेप-यंत्रावर घेताना ते दुसऱ्या यंत्रातूनही फिरवायचा. टेपवर आवाज उमटवणारं हेड आणि तो वाचणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. तेवढं अंतर टेपला सरकायला जो वेळ लागतो, साधारण सेकंदाचा आठवा भाग, तेवढ्या उशिराने दुसरा आवाज येतो आणि तो मूळ आवाजात मिसळला जातो. चार माणसांचा ताफा त्यामुळे भरगच्च वाटतो.

फिलिप्सने सुरुवातीला कार्लला कंट्रीच्या चौकटीत ठेवलं. त्याच्याकडे एल्विस होता, दुसरा तसाच नको होता. 1955च्या नोव्हेंबरात एल्विसचा करार 35 हजार डॉलरला आरसीए कंपनीला विकला गेला आणि कार्लचा लगाम सुटला. त्या डिसेंबरात नाचाच्या एका कार्यक्रमात वाजवताना त्याने एका पोराला आपल्या नाचणाऱ्या मैत्रिणीवर, बुटांवर पाय पडला म्हणून डाफरताना पाहिलं. जॉनी कॅशने बुटांवर गाणं लिही असं त्याला आधीच सुचवलं होतं. भल्या पहाटे तीनला उठून, कागद सापडेना म्हणून बटाट्याच्या कागदी पिशवीवर त्याने 'ब्लू स्वेड शूज' लिहिलं. 19 डिसेंबरला ध्वनिमुद्रण, 1 जानेवारी 1956ला रेकॉर्ड बाजारात. कंट्री, पॉप आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताची, अशा तिन्ही लोकप्रियतेच्या याद्यांवर ते चढलं. सनची दहा लाख खपलेली ही पहिली रेकॉर्ड. तिन्ही याद्यांचे श्रोते एकमेकांच्या शेजारी बसत नसत, हे ध्यानात घेतलं की या यशाचं खरं मोल कळतं.

22 मार्च 1956ला दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना डेलावेअर राज्यात गाडीला अपघात झाला. पाण्याच्या खड्ड्यात पालथा पडलेल्या कार्लला हॉलंडने उलथवलं म्हणून तो वाचला. जेच्या मानेला जबर इजा झाली. कार्ल अंथरुणाला खिळलेला असताना 3 एप्रिलला एल्विसने हेच गाणं देशभरातल्या प्रेक्षकांसमोर गायलं, आणि बऱ्याच जणांच्या लेखी ते तेव्हापासून एल्विसचं झालं. नशिबाला दोष देणारे लेख यावर खूप आहेत. मला ते अर्धवट वाटतात. 1960 साली स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेलेल्या सतरा वर्षांच्या जॉर्ज हॅरिसनने मंचासाठी स्वतःचं नाव कार्ल हॅरिसन ठेवलं होतं, आणि 1964 साली त्याच्या बँडने, म्हणजे बीटल्सनी, पर्किन्सची तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. शिकणाऱ्यांना कुणाकडून शिकायचं ते बरोबर कळलं होतं.

तुम्हाला ऐकायचं असेल तर 'ब्लू स्वेड शूज'पासून सुरुवात करू नका. आधी 'मूव्ही मॅग' लावा आणि लगेच त्याच वर्षी आलेलं 'गॉन, गॉन, गॉन'. पहिल्यात कंट्रीचा पोरगा ऐकू येईल, दुसऱ्यात अंकल जॉनचा शिष्य. दोन्ही मिळून पाचेक मिनिटांचं काम आहे, आणि दोन्ही हेडफोनवर ऐका. गिटारची तार कुठे वाकते ते साध्या स्पीकरवर निसटून जातं.